चौथी घागर

जळगाव,
रविवार, ६ एप्रिल २०२५

तीर्थरूप आबा,

साष्टांग नमस्कार. घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी घातला.

माझा फोन तुम्ही उचलत नाही. कुंदन उचलतो, पण 'आबा वावरमा गयात' एवढं सांगून ठेवून देतो, मग रात्रीचे नऊ का वाजलेले असेनात. रात्री नऊला तुम्ही वावरात काय करता हे मी भावाला विचारलं नाही. म्हणून हे पत्र. तुम्ही तीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलंत. आलेलं टपाल न फोडता चुलीत घालणं तुमच्या हातून होणार नाही, एवढा माझा तुमच्यावर विश्वास आहे.

धुळ्याचं घर सोडून आले त्याला अडीच वर्षं झाली. तुम्ही तेव्हा ओट्यावरूनच म्हणालात, 'आते तू आमले मरी गई.' मी मयूला कडेवर घेतलं आणि नरडाण्याला जाऊन गाडी धरली. त्यानंतर मी काही मागितलं नाही, आजही पैसे मागत नाही. आधी ऐकून घ्या.

मी नवी पेठेत एका लॅबमध्ये आहे. लोकांचं रक्त काढते. उपाशीपोटी तपासणीवाले सकाळी सहापासून दारात उभे असतात, उशीर झाला की चहासाठी माझ्यावर डाफरतात. माझी खोली मात्र पार पिंप्राळ्याच्या पुढं. सव्वापाचला निघावं लागतं. मयू सात वर्षांची आहे. तिला झोपलेलीच ठेवून बाहेरून कुलूप लावते आणि चावी शेजारच्या ताईबाईंकडे देते. मागच्या महिन्यात ताईबाई अचानक फैजपूरला गेल्या आणि लाइटही गेली. मी परत आले तेव्हा पोरगी खिडकीच्या गजांना धरून उभी होती. रडून आवाज बसला होता. त्या दिवशी ठरवलं, आता गावाच्या मधोमध घर. लॅब आणि शाळा दोन्ही पायी. त्यात मालकाच्या मुलाचं लग्न निघालं, ही खोली नव्या नवरीला हवी आहे. दहा मेला रिकामी करायची.

घर पाहावं बांधून म्हणतात. म्हणणाऱ्यानं भाड्यानं शोधून पाहिलं नसावं. एकानं गच्चीवरची पत्र्याची खोली दाखवली. एप्रिलचं ऊन, वर पत्रा, आत पापड ठेवला तर भाजून निघेल. भाडं दहा हजार. मी म्हटलं, 'अहो, यात जीव राहील का?' तर म्हणतो, 'दिवसा तुम्ही कामालाच असणार ना!' तो गंमत करत नव्हता.

बाकीच्यांचा प्रश्न एकच. 'कोण कोण राहणार?' मी आणि मुलगी. 'आणि?' आणि कोणी नाही. मग ते माझ्या मागं वाकून बघतात, मी जिन्यात कोणाला लपवून ठेवलंय की काय. बळीराम पेठेतल्या एका बाईंनी तर चावी माझ्या हातातून परत घेतली. हसत घेतली, म्हणाल्या, 'आमच्याकडे फॅमिलीच लागते.' मयू माझा हात धरून शेजारीच उभी होती. ती घरी येऊन मला विचारते, 'आई, मी फॅमिली नाही का?' हिला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही कळवा.

तुमची,
शीतल


जळगाव,
रविवार, १३ एप्रिल २०२५

तीर्थरूप आबा,

उत्तर नाही. ठीक आहे, मी लिहीत राहते.

या आठवड्यात मी खोटं बोलले. 'मिस्टर सुरतला असतात' असं एका मालकाला सांगून टाकलं. आपली निम्मी माणसं सुरतला, नवरा म्हणून तिथं एक प्रकाश वाढला तर कोणाला कळतं! पण तो म्हणाला, 'सुरतला कुठं? माझा भाऊ उधन्याला आहे.' मी म्हटलं, वराछा. 'वराछात कुठल्या कारखान्यात?' मयूला पाणी हवंय असं सांगून जिना उतरले ते थेट टॉवर चौकात थांबले. पोरगी म्हणते, 'मला कुठं तहान लागलीये?'

त्यामुळे पुढच्या दारात मी सगळं खरं सांगितलं. दार निर्मलकुमार शेठचं. खाली त्यांचं साड्यांचं दुकान, वर ते राहतात, त्याच्यावर दोन खोल्या. त्यांच्या आईच्या होत्या, त्या वारल्यापासून बंद. शेठ गल्ल्यावरून उठले नाहीत, त्यांच्या मिसेस कुसुमलताभाभी मला वर घेऊन गेल्या. मी दारातच सांगून टाकलं: नवऱ्याजवळ राहत नाही, केस कोर्टात आहे, मी आणि मुलगी दोघीच. आता या चावी काढून घेतील म्हणून मी हात मागंच ठेवले होते. त्या म्हणाल्या, 'कांदा-लसूण?'

आबा, तुमची लेक आणि लसूण नाही! जैन माणसं, वांगंही चालत नाही त्यांच्यात. म्हणजे भरीत गेलं, शेवभाजी गेली, ठेचा गेला. मी म्हटलं, सोडला. जन्मभर खाल्ला, आता पुरे.

भाडं किती असेल? साडेचार हजार! नवी पेठेच्या तोंडावर, दोन खोल्या, वेगळं न्हाणीघर, खिडकीतून मयूची शाळा दिसते. मी दोनदा विचारलं, मला वाटलं आकडा ऐकताना चूक झाली. भाभी म्हणाल्या, 'बाई, आम्हाला भाड्यावर जगायचं नाहीये. सासूबाईंच्या खोलीत दिवा लागला पाहिजे, आणि जिन्यात भांडण नको. बस.' मला तिथंच बसावंसं वाटलं.

मग शेठ वर आले आणि त्यांनी अट सांगितली. 'तुमच्या घरचं एक मोठं माणूस एकदा येऊन जाऊ द्या. आमची ही जुनी रीत आहे. कागद नंतर, आधी माणूस. चहा पितील, दोन शब्द बोलतील, चावी तुमची.'

मी हो म्हणून आले. का म्हटलं कोणास ठाऊक. माझ्याकडे मोठं माणूस एकच आहे.

शीतल


जळगाव,
रविवार, २० एप्रिल २०२५

आबा,

दोन पत्रं झाली. आज फिरवून लिहीत नाही.

एकदा या. सकाळच्या एसटीनं बसा, दुपारी मी तुम्हाला परतीच्या गाडीत बसवून देते. माझ्याशी बोलू नका. मयूशीही बोलायची जबरदस्ती नाही. फक्त शेठच्या गादीवर बसा, चहा प्या आणि 'ही माझी मुलगी' एवढं म्हणा. तेही जड जात असेल तर 'ही आमच्या गावची' म्हणा, मी पुढचं सांभाळते. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि त्यावर माझ्या लेकीचं घर अडलंय.

कुंदनला पाठवाल तर तो धाकटा, शेठना चालणार नाही. मी विचारून पाहिलं. लॅबच्या डॉक्टरांना घेऊन येऊ का म्हटलं, तर शेठ म्हणाले, 'डॉक्टर तुमच्या कामाचं सांगतील, ते मला दिसतंय. घरचं कोण सांगणार?' त्यांचंही काही चुकत नाही. तुम्ही नाही का माझ्या लग्नाआधी प्रकाशच्या घरची चौकशी करायला कापडण्याहून पारोळ्यापर्यंत फिरलात? सगळ्यांनी सोन्यासारखा मुलगा म्हणून सांगितलं.

त्या सोन्याचं एक सांगते. तुम्ही कधी विचारलं नाही म्हणून सांगितलं नव्हतं. ओट्यासमोर मी उभी होते आणि तुम्ही बोलत होता, तेव्हा मी मान वळवून ऐकत होते. तुम्हाला तो उद्धटपणा वाटला, तुम्ही तसं म्हणालातही. आबा, माझा डावा कान त्याच्या चार दिवस आधी गेला होता. हातानं गेला. कोणाच्या, ते आता लिहायला नको. सिव्हिलच्या डॉक्टरांनी पडदा फाटला म्हणून सांगितलं. आता त्या कानानं थोडंसंच ऐकू येतं.

शेठ आखाजीपर्यंत थांबणार आहेत. नंतर त्यांच्या दुकानातल्या एका माणसाला ती जागा हवी आहे. तुम्ही आलात तर मी जिन्यात उभी राहीन, समोरसुद्धा येणार नाही.

शीतल


जळगाव,
गुरुवार, १ मे २०२५

आबा,



तुम्ही आला नाहीत. पण शेठ आणि भाभीच तुमच्याकडे येऊन गेले, हे मला काल संध्याकाळी कळलं. भाभींच्या बहिणीचं वर्षीतप होतं, त्याचं पारणं काल धुळ्याला होतं. वर्षभराचे उपास त्या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीलाच, उसाच्या रसानं सोडतात. 'धुळ्यापर्यंत गेलोच होतो, म्हटलं, शीतलचे वडील येत नाहीत तर आपणच जाऊन यावं. म्हातारं माणूस, उन्हाचं कसं येणार?' असं भाभी मला सांगत होत्या. त्यांनी मला मुद्दाम वर बोलावलं होतं. हातात चावी होती. चेहरा नुसता फुललेला.

'शीतल, तू उगाच म्हणत होतीस वडील बोलत नाहीत. अगं, केवढा जीव आहे त्यांचा तुझ्यावर! आखाजीला तुझ्या नावानं घागर भरून ठेवलीये.'

मी म्हटलं, काय?

'हो! देवघराजवळ चार घागरी होत्या ओळीनं. वर खरबूज, तुमचं ते डांगर, सांजोऱ्या, आंबा, फूल. इतकं छान दिसत होतं. मी तुझ्या भावजयीला, ललिताला, विचारलं, ही शेवटची कोणाची? ती म्हणाली, शीतलताईंच्या नावाची. मी तर हात जोडले तिला. लेक आली नाही तरी तिचा वाटा काढून ठेवतात, अशी माणसं आता कुठं राहिली? मी ललिताला विचारलं, तुझी कुठली? तर ती दचकलीच. म्हणाली, माझी अजून नाही. मी समजले, सुनांची भरत नसतील, लेकींचीच असेल.'

आबा, त्या मारवाडातून लग्न होऊन आल्या. आखाजी त्यांना माहीत आहे ती दुकानातून. माहेरी येणाऱ्या लेकींसाठी लोक साड्या नेतात, म्हणजे आखाजी लेकींची. झोके, गाणी, आमरस. तेही खरंच आहे. पण घागर कोणाची भरतात हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्या माझ्या श्राद्धाला हात जोडून आल्या आणि मला शाबासकी देत होत्या.

माझ्या कानात नुसतं घोंगावत होतं, चांगल्या कानातसुद्धा. भिंतीला टेकले. भाभींना वाटलं आनंदानं भरून आलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, चावी माझ्या मुठीत ठेवली आणि म्हणाल्या, 'असं माहेर असणाऱ्या मुलीला मी दुसरं काय विचारू?'

मी चावी घेतली. खरं सांगितलं नाही. तशीच जिना उतरून आले.

रात्री ललिताला फोन केला. ती आधी रडली, मग म्हणाली, 'ताई, मी काय करू? आबा सोताच भरतस. कोन्हाले हात लावू देत नहीत.' मी विचारलं, यंदा पहिल्यांदाच? तर म्हणे, 'नही ताई, यंदानी तिसरी शे.'

तिसरी! म्हणजे तीन आखाज्या मी मेलेली आहे आणि मला साधं कळवलंही नाही! आजोबा, आजी, आई आणि मी. आईच्या शेजारी बसवलंत मला. माझ्या नावानं आगारीही टाकलीत का विस्तवावर? पुरणपोळीचा घास टाकला? आईच्या आधी की नंतर? तुम्ही रागानं बोललात ते मी समजत होते. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतं. पण राग धरून कोणी कुंभाराकडे जाऊन मडकं वाजवून घेत नाही, ते धूत नाही, त्यात वाळा टाकत नाही. हे तुम्ही थंड डोक्यानं केलंत, दरवर्षी केलंत, आणि त्याच ओट्यावर बसून माझी पत्रं वाचलीत.

मला अजून खरं वाटत नाही. सकाळपासून चारदा आरशात जाऊन आले.

शीतल


जळगाव,
रविवार, ४ मे २०२५

आबा,

गुरुवारी रागाच्या भरात मी भाभींचं अर्धंच बोलणं लिहिलं. बाकीचं आज लिहिते. ते मला त्या दिवशी नीट ऐकू आलं होतं, पण डोक्यात शिरायला तीन दिवस लागले.

शेठनी तुम्हाला विचारलं, मुलगी कशी आहे? शेठना वाटलं तुम्हाला ऐकू आलं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, 'पोर मनी खोटं नही बोलस.' एवढंच बोललात आणि उठून त्यांच्यासाठी स्वतः पाणी आणायला गेलात.

तुम्ही त्यांना सरळ सांगू शकत होता. चार घागरी पुढ्यातच होत्या. बोट दाखवून म्हणायचं, ती आमची कोणी नाही, तिची घागर ती बघा. शेठ गाडीत बसून परत आले असते आणि माझं घर गेलं असतं. तुम्ही तसं केलं नाहीत. 'मनी' म्हणालात, माझी. मेलेल्या मुलीची अशी साक्ष कोणी देतं का? तुम्ही मला काय समजता, आबा, हे एकदा तुमचं तुम्हीच ठरवा. माझं डोकं चालेनासं झालंय.

आणि ती साक्ष किती महागात पडणार होती माहीत आहे? चावी माझ्या पर्समध्ये. मयूनं तिच्या पुस्तकांचं खोकं बांधून ठेवलेलं. आणि वडिलांनी सांगून ठेवलंय की पोर खोटं बोलत नाही! सुरतचं तुम्ही वाचलं असूनही. तीन रात्री मी कूस बदलत काढल्या. गप्प राहिले असते तर कोणाला कधी कळलं नसतं. पण पुढच्या आखाजीला दुकानात कोणीतरी कुंभाराचं, घागरीचं बोलणारच, आणि भाभी कौतुकानं माझी गोष्ट सांगणार. त्या दिवशी त्यांचं तोंड कसं होईल ते मला बघवणार नव्हतं.

आज रविवार म्हणून मयूही लॅबवर आली होती; तिला जिन्यात बसवून मी सकाळी तिथून थेट त्यांच्याकडे गेले. चावी पाटावर ठेवली आणि सांगितलं. घागर लेकीची नसते, गेलेल्यांची असते. तहानलेले राहू नयेत म्हणून भरतात. वडिलांनी मला मेलेली धरून ती भरली. तुम्ही जे माहेर समजून चावी दिलीत, ते मला नाही.

भाभींचा हात तोंडावर गेला तो तसाच राहिला. 'अरे भगवान' म्हणाल्या आणि मटकन बसल्या. 'आणि मी नमस्कार केला तिला! सांजोरी खाल्ली तिथं!' त्यांचे डोळे भरले. शेठ पेपर घडी करून बाजूला ठेवत होते. मी उठले. म्हटलं, दहा तारखेपर्यंत मला दुसरीकडे बघायला वेळ आहे.

'बस खाली,' भाभी म्हणाल्या. त्या तशा मला अहो-जाहो करत नाहीतच, पण असं दरडावून कधी बोलल्या नव्हत्या. 'आमच्यात मेलेल्याला पाणी पोचतं असं मानतच नाहीत. जीव गेला की गेला पुढं, त्याला कसली तहान? मग तुझ्या बापानं तीन वर्षं भरलेलं पाणी कोणाचं?'

मी परत खाली बसले.

'जिवंत माणसाचंच ना? बापाला लेकीची तहान आठवते, हे मी डोळ्यांनी बघून आले. रीत चुकली असेल म्हाताऱ्याची. मी चुकीचं काय सांगितलं?'

शेठ म्हणाले, 'मी घागर बघून चावी दिली नव्हती. खोटं बोलत नाही हे ऐकून दिली होती. ते आता बघितलं.' आणि चावी पाटावरून उचलून माझ्या हातात न देता त्यांनी मयूला हाक मारली आणि तिच्या हातात दिली.

तर घर मिळालं. शुक्रवारी सामान हलवते. आज दुपारी मयू रिकाम्या खोलीत मोठमोठ्यानं बोलून आवाज घुमतो का बघत होती. पाणी एक दिवसाआड येतं, पण येतं. लसूण मी अजून चोरून एकदाच खाल्ला आहे, तोही रस्त्यावर, शपथ मोडली नाही.

भाभींचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. त्या चांगल्या आहेत, म्हणून त्यांना तसं दिसतं. तुम्ही ती घागर मायेनं भरलीत की मला पुरून टाकायला, हे तुम्हालाच माहीत. कदाचित तुम्हालाही नसेल. मला विचाराल तर माझा राग तसाच आहे. आणि तुमची आठवणही येते. दोन्ही एकाच वेळी कसं होतं, कळत नाही.

म्हणून एवढंच कळवते. पुढच्या आखाजीला मडकी आणाल तेव्हा नीट मोजून आणा. तरीही माझ्या नावाची भरलीत, तर मी मयूला घेऊन येईन, आईच्या पाया पडेन, माझ्या घागरीवरचं डांगर काढून बाजूला ठेवीन, आणि तुमच्यासमोर, बठ्ठ्यांसमोर, अख्ख्या गावासमोर, त्यातलं पाणी घटाघटा पिईन.

तुमची मुलगी,
शीतल